मॅट्रिकचा डबा

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी हसू येतं, याची मला थोडी लाज वाटते. तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, एका बंदोबस्तात डोक्यात वीटही खाल्ली. पण घरी पाहुणे आले आणि 'तुमची एखादी केस सांगा ना' म्हणाले, की बायको स्वयंपाकघरातूनच ओरडते, "डब्याची सांगा." मग मी खून बाजूला ठेवतो आणि डब्याची सांगतो.

नावं कुणाचीच सांगणार नाही. या प्रकरणातली माणसं अजून आहेत, आणि दोघांचीही जीभ मला परवडणारी नाही.

तेव्हा मी विक्रोळीच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात होतो. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. दीड वर्ष राहिलेल्या अधिकाऱ्याला ठाण्यात एक खास मान असतो. ज्या कामात पदक नाही, शिवीही नाही आणि पेपरात नावही नाही, ते काम अदबीने त्याच्या टेबलावर आणून ठेवतात. मोठ्या साहेबांनी मला बोलावलं, एक जाड पाकीट पुढे सरकवलं आणि म्हणाले, "हे जरा जुन्या माणसाचं काम आहे." म्हणजे माझं.

पाकीट सैन्याच्या अभिलेख कार्यालयातून आलं होतं. सरहद्दीवरच्या एका खिंडीजवळ रस्ता खोदताना मजुरांना एका सैनिकाचे अवशेष मिळाले होते. बासष्टच्या लढाईतले. थोडी हाडं, पट्ट्याचं बक्कल, एका बुटाचा तळ आणि झाकणासकट एक पितळी डबा. डब्यात एक सुई, खाकी दोऱ्याचं रीळ आणि दोन बटणं. गळ्यातली नंबरची चकती काही सापडली नव्हती, त्यामुळे माणूस कोण हे कळत नव्हतं. पण डब्याच्या झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं. पूर्वी भांड्याच्या दुकानात घालून देत तसं. सोबतच्या फोटोत स्वच्छ वाचता येत होतं: 'चि. अमुक तमुक यास मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल मामाकडून सप्रेम भेट. विक्रोळी.'

सैन्याने त्यावरून निष्कर्ष काढला होता की मयत म्हणजे हाच चिरंजीव. त्या चौकीवरून बेपत्ता झालेल्या जवानांच्या यादीत या नावाचा कुणी नव्हता, पण कदाचित नाव बदलून भरती झाला असेल, असा त्यांचा तर्क होता. सबब सदर इसमाच्या वारसांचा शोध घेऊन अहवाल सादर करावा, असं पत्राच्या शेवटी होतं.

बारनिशीत, म्हणजे आवक टपालाच्या वहीत, नोंद झाली आणि पत्र माझ्या हवालदाराकडे गेलं. हा हवालदार साताऱ्याचा, मनाने लोण्यासारखा. फक्त छापील तक्ता समोर आला की त्याला तो पूर्ण भरल्याशिवाय चैन पडत नसे. त्याने ठाण्यातला नेहमीचा मयताचा तक्ता काढला. त्यात एक रकाना असतो, 'घटनास्थळाचे ठाण्यापासून अंतर व दिशा'. त्यात त्याने लिहिलं होतं, 'उत्तर. बरेच लांब.' मी तो कागद फाडायला सांगितला. त्याने फाडला नाही, घडी करून खिशात ठेवला. कधी लागला तर असू दे, म्हणाला.

पत्ता सापडायला वेळ लागला नाही. मतदार यादीत त्याच नावाचं एक घर कारखान्याच्या मागच्या चाळीत होतं. आम्हाला वाटलं, नाव पुढे चालवलेला पुतण्या वगैरे असेल. तिथे जाण्याआधी खाली पानवाल्याला विचारलं असतं तर पुढचा प्रसंग टळला असता. पण तपासात आधी विचारायचं ते नंतर विचारायची माझी जुनी खोड.

दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते एका पन्नाशीच्या बाईने. मी तोंड उघडणार तोच हवालदाराने टोपी काढून काखेत घेतली.

"ताई, जरा मन घट्ट करा. या नावाचे तुमचे कोण?"

"सासरे. का हो?"

"ते वारले."

"अगो बाई! कधी? आत्ता तर आत होते!"

"बासष्ट साली," हवालदार हळूच म्हणाला.

बाईने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग मान मागे वळवून हाक मारली, "तात्या, जरा बाहेर या. पोलीस म्हणतायत तुम्ही वारलात."

आतून खणखणीत आवाज आला, "त्यांना सांग, हयातीचा दाखला गेल्याच महिन्यात दिलाय. पोच आहे माझ्याकडे."

मागोमाग तात्या बाहेर आले. चौऱ्याहत्तरीचे, काटक, लेंग्यावर इस्त्रीचा शर्ट, हातात भिजवलेल्या वालांची परात. कारखान्यात तीस वर्षं टाइमकीपर होते. हजर कोण आणि गैरहजर कोण हे ठरवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला आम्ही परस्पर गैरहजर लावलं होतं. त्यांनी आधी पोच दाखवली, मग आधार कार्ड, मग रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी. मालवणी माणूस, पण बोलणं एकदम पुस्तकी. आपण मॅट्रिक झालो तेव्हापासून शुद्ध बोलतो, हे त्यांनी मला पहिल्या पाच मिनिटांतच सांगितलं.

मी त्यांना डब्याचा फोटो दाखवला. मला वाटलं, जुन्या आठवणींनी गलबलून येतील. तात्यांनी चष्मा वर सारला, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि उजव्या हाताची मूठ मांडीवर हाणली.

"सापडला! सापडला की नाही शेवटी! साहेब, चोरीचा गुन्हा नोंदवून घ्या."

"कुणाविरुद्ध?"

"शेजारणीविरुद्ध."

"कुठे असतात त्या?"

"वारल्या. पंचेचाळीसेक वर्षं झाली. पण गुन्हा तो गुन्हाच."

मग त्यांनी हकीकत सांगितली. तात्या त्या मजल्यावरचे पहिले मॅट्रिक. मामाने डबा दिला आणि त्यांच्या आईच्या अंगात उत्साह शिरला. पुढचा महिनाभर तिने त्या डब्यातून घरोघर काहीबाही पाठवलं. आज घावणे, उद्या उसळ, परवा नुसता गूळ-खोबऱ्याचा चुरा. पदार्थ निमित्ताला. शेजारणीने झाकणावरचं नाव वाचावं आणि मगच झाकण उघडावं, ही खरी इच्छा. असं करत डबा गेला भिंतीला भिंत असलेल्या शेजारणीकडे.

आता आपल्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. शेजारीण म्हणाली, काहीतरी चांगलं करते आणि देते. त्या चांगल्याची वाट बघण्यात दिवस गेले. तात्यांच्या आईने आडून विचारलं, मग उघड विचारलं, मग नळावर चार बायकांसमोर विचारलं. तेव्हा शेजारीण म्हणाली, "डबा मी कधीच परत दिलाय. झाकणासकट." झालं. दोन घरांचं बोलणं त्या दिवशी बंद झालं ते बंदच राहिलं.

मी सहज विचारलं, "त्या शेजारच्या घरातलं कुणी सैन्यात होतं का?"

तात्यांनी परातीतला एक वाल उचलला, सोलला. दुसरा उचलला. "मुलगा होता. आठवीतून शाळा सोडलेला."

"त्याचं काय झालं?"

"बेपत्ता," तिसरा वाल. "म्हणजे, लोक म्हणतात की पळून आला."

"लोक कशाला?" सून दारातून म्हणाली. "तुम्हीच बघितला होतात ना त्याला कुर्ल्याला? आमच्या सासूबाईच सांगायच्या."

"तू ही परात आत ने," तात्या म्हणाले. परात तिने नेली, पण त्यांची बोटं रिकाम्या हातात वाल सोलतच राहिली. खोटं बोलणारा माणूस नजर चुकवतो, असं शिकवतात. माझा अनुभव वेगळा आहे. नजर तो चुकवत नाही, हातातलं काम वाढवतो.

मी ठाण्यावर येऊन अभिलेख कार्यालयात फोन लावला. पलीकडे एक सुभेदार होते, सोलापूरकडचे, मराठीच. मी शेजारच्या मुलाचं नाव सांगितलं. ते लगेच म्हणाले, "आहे की साहेब, यादीत आहे. पत्ता कोकणातल्या गावचा आहे. तिथं पत्र पाठवलं होतं, घर बंद म्हणून परत आलं."

"मग त्याचा विचार का नाही केला?"

"तो आठवी पास आहे, साहेब," सुभेदार गंभीरपणे म्हणाले. "डबा मॅट्रिकचा आहे."

मी फोनच्या तोंडावर हात ठेवून हसून घेतलं. छप्पन्न वर्षं बर्फात पडलेल्या माणसाला शिक्षण अपुरं म्हणून यादीतून वगळलं होतं. पण हसू लगेच विरलं. कारण सुभेदारांनी पुढे सांगितलं की जवळच्या नातलगाचं रक्त लागेल, ते मागण्याआधी ओळखीला काहीतरी आधार लागेल, आणि काहीच नाही मिळालं तर अवशेषांचे अंत्यसंस्कार निनावी होतील.

त्या मुलाची एक बहीण होती. सत्तरीची, विधवा, नाहूरला मुलीकडे सातव्या मजल्यावर राहणारी. मी तिला मावशी म्हणेन, तिथेही तेच म्हणत होतो. आम्ही गेलो. पाणी आलं, चहा आला. मी फोटो पुढे केला. मावशींनी तो हातात घेतला आणि पदराच्या टोकाने पुसला. फोटोवर धूळ नव्हती. डब्याची धूळ पुसत होत्या त्या. तिथेच मला कळलं की या बाईने हा डबा ओळखला आहे.

"आमचो नाय," त्या म्हणाल्या.

"मावशी, तुमच्या आईकडे हा डबा गेला होता असं तात्या..."

"ता मॅट्रिक अजून जित्ता आसा?" मावशी ताठ झाल्या. "त्याचा काय ऐकतास? माझ्या आयेन डबो परत दिल्यान. झाकणासकट. माझी आये चोर नाय हुती."

मी समजावून सांगितलं. डबा जर परत दिला असेल, तर तो तुमच्या भावाजवळ असू शकत नाही. मग हे अवशेषही त्याचे नाहीत. मग ते कुणाचेच नाहीत. मावशी ऐकत राहिल्या. त्यांच्यापुढे काय वाढून ठेवलंय ते माझ्या तेव्हा नीट लक्षात आलं. भाऊ हवा असेल तर आईला खोटारडी म्हणायचं, आणि आईचा शब्द राखायचा तर भावाला तसाच बर्फात सोडायचा. असा जबाब कुणाकडून मागायची माझी इच्छा नव्हती, पण कामच ते होतं.

मग त्या आपणहून बोलल्या. मुलगी मध्येमध्ये प्रमाण मराठीत सांगत होती. भाऊ बेपत्ता झाल्याचं पत्र गावच्या पत्त्यावर आलं, तिथून इथे. दोन महिन्यांत तात्यांनी सांगितलं की त्याला कुर्ल्याला बाजारात बघितला, दाढी वाढवलेला. जिवंत आहे आणि घरी येत नाही, याचा चाळीने एकच अर्थ लावला, लढाईतून पळून आलाय आणि लपलाय. सैन्याच्या कागदावर तसं काही नव्हतं, पण चाळीला कागद कुठे लागतो? पुढे मावशींचं ठरलेलं लग्न मोडलं. 'पळपुट्याची बहीण' हे नाव त्यांना नळावर, रेशनच्या रांगेत, सगळीकडे चिकटलं. आणि आई दर रविवारी कुर्ल्याला जाऊन बाजाराच्या तोंडाशी उभी राहायची. नऊ वर्षं. मरेपर्यंत.

"माझो भाव पळाक नाय," मावशी म्हणाल्या. "माका म्हायत आसा. पण माझ्या म्हायत असण्याक कोण इचारता?"

मग डोळे पुसून म्हणाल्या, "त्या मॅट्रिकाक माझ्यासमोर बसवा. मगे सांगतंय."

समोरासमोर बसवण्याचा दिवस ठाण्यात अजून सांगितला जातो. माझ्या खोलीत एकच बाक होतं. तात्या आणि मावशी त्याच्या दोन टोकांना बसले आणि हवालदाराने दोघांच्या मध्ये मुद्देमालाची दोन गाठोडी ठेवली. मला वाटलं, भावाचा विषय निघेल. पाऊण तास निघाला नाही. विषय डबा.

"झाकणाला पोचा आहे का बघा, साहेब. डाव्या अंगाला. तो हिच्या भावाने पाडलाय."

"पोचो आधीच हुतो. तुझ्या मामान सवलतीत घेतलेलो."

"माझ्या मामाला मध्ये आणू नकोस!"

"तूच आणलंस. झाकणावर नाव कोणाचा आसा?"

आवाज इतका चढला की मुद्देमाल कारकून आला, वायरलेसवाला आला. पलीकडच्या कोठडीत मोबाइल चोरीतला एक जण होता, तो गजांना धरून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, आजीचं बरोबर वाटतंय." मी त्याला गप्प बसवलं. हवालदार माझ्या कानात म्हणाला, "पण साहेब, सवलतीचा मुद्दा बिनतोड आहे."

शेवटी मी तात्यांना बाहेर चहाला पाठवलं आणि खुर्ची ओढून मावशींच्या समोर बसलो.

"मावशी, मी हे लिहिणार कसं ते आधी सांगतो. तुमची आई खोटं बोलली असं मी लिहिणार नाही. चोरी हा शब्द माझ्या कागदात येणार नाही. मी लिहीन, 'सदर डबा नजरचुकीने मुलासोबत गेला.'"

पोलिसांच्या मराठीला लोक हसतात. मीही हसतो. पण 'नजरचुकीने' हा शब्द ज्याने पहिल्यांदा पंचनाम्यात घातला, त्याने कितीतरी घरं वाचवली असतील.

मावशींनी तो शब्द तपासून घेतला. "नजरचुकीन. म्हणजे चोर नाय?"

"चोर नाही."

"आणि ह्या तो मॅट्रिक वाचतलो?"

"मी मोठ्याने वाचून दाखवीन."

तेव्हा त्या सांगायला लागल्या. बासष्टच्या पावसाळ्यात भाऊ रजेवर आला होता. त्या चौदा वर्षांच्या होत्या. आईने डबा परत करायचा म्हणून गुळातले शेवेचे लाडू केले आणि तोच डबा भरला. तोंडापर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेजारी द्यायचा होता. त्याच संध्याकाळी तार आली, रजा रद्द, ताबडतोब हजर व्हा. भाऊ तासाभरात निघाला. त्याच्यासाठी वेगळं काही करायला वेळ नव्हता. आईने तो भरलेला डबा तसाच त्याच्या ट्रंकेत ठेवला. मावशी दारात उभ्या होत्या. आईने वळून पाहिलं आणि म्हणाली, "तू काय बघूक नाय." गळ्याला हात लावून शपथ घ्यायला लावली. दुसरा डबा आणून देऊ, असं तिच्या मनात होतं. पण नाव घातलेला डबा दुसरा कुठून आणणार? आणि मग तो बेपत्ता झाला. त्यानंतर त्या घरात डब्याबद्दल कुणी बोलणं शक्यच नव्हतं.

"मी बघलंय," मावशी म्हणाल्या. "सगळा बघलंय. लाडू पण मीच वळलंय."

मी जबाब लिहिला, वाचून दाखवला, सही घेतली. मग तात्यांना आत बोलावलं आणि कबूल केल्याप्रमाणे मोठ्याने वाचला. नजरचुकीने या शब्दावर मावशींनी मान हलवली. छप्पन्न वर्षांचं भांडण तात्या जिंकले होते. हवालदार, कारकून, कोठडीतला तो, आम्ही सगळे आता 'मी म्हणत नव्हतो?' ची वाट बघत होतो.

तात्या भिंतीवरच्या हद्दीच्या नकाशाकडे बघत बसले.

"डबो माझ्या भावाकडे हुतो," मावशी म्हणाल्या. "तो थयसरच मेलो. तिकडच्या बर्फात. मगे कुर्ल्याक कोण हुतो रे?"

तात्या उठले. छत्री घेतली आणि निघून गेले. बाहेर त्यांचा चहा तसाच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाण्यात पोचलो तर ते माझ्या आधी येऊन बसलेले. म्हणाले, माझा जबाब लिहून घ्या. मी कागद ओढला. ते जे बोलले ते मी इथे त्यांच्याच शब्दांत देतो, कारण त्यात माझी भर घालायला जागा नाही.

"पत्र आल्यावर शेजारची काकी, त्याची आई, जेवेना. आठ दिवस झाले, पाणीसुद्धा कुणीतरी पाजायचं. आमचं बोलणं बंद, पण भिंत एकच होती, सगळं ऐकू यायचं. माझ्या आईलासुद्धा झोप लागेना. मी मुद्दाम त्यांच्या दारात गेलो आणि म्हटलं, काकी, मी त्याला कुर्ल्याला बघितला. त्या दिवशी ती जेवली, साहेब. मी भिंतीला कान लावून ऐकलं. ताट वाजलं. मला वाटलं, चार दिवसांत सावरेल, मग सांगू की चूक झाली. पण चौथ्या दिवशी चाळीने त्याला पळपुटा केला. आता सांगितलं तर काकी मरते आणि नाही सांगितलं तर तो बदनाम होतो. मी काकी निवडली. ती गेली तेव्हा सांगायचं होतं. पण तोवर या पोरीचं लग्न मोडलेलं, ती माझं तोंड बघेना. मग डब्याचं भांडण बरं पडत होतं. डब्यावरून भांडलं की कुर्ल्याचा विषय निघत नाही."

मी पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांत मी हजारभर साक्षीदार तरी तपासले असतील. पण एकाने न बघितलेलं बघितलं म्हणावं, दुसरीने बघितलेलं बघितलं नाही म्हणावं, आणि दोघांनीही ते एकाच बाईसाठी करावं, असं पुन्हा पाहिलं नाही. मला त्या माणसाचा रागही आला आणि कीवही आली, आणि दोन्हीतलं काही दाखवता येईना.

"तात्या, हा जबाब मी घेऊन काय करू? कुठलं कलम लावू?"

"मग कुणाला देऊ?"

"जिला द्यायचा तिला द्या."

"ती दार उघडणार नाही."

"ते माझ्या अधिकारात नाही," मी म्हणालो. कागद कोराच राहिला.

मावशींचा जबाब आधार धरून रक्ताचा नमुना घ्यायची परवानगी आली. सुईला त्या घाबरल्या नाहीत. त्यांची काळजी वेगळी होती. "माका डायबेटीस आसा. त्याका नव्हतो. जुळात मां?" डॉक्टर म्हणाले, जुळेल. पुढे चार-पाच महिने काहीच हललं नाही. दर सोमवारी मावशींचा फोन यायचा आणि मी तेच उत्तर द्यायचो. मग एका दुपारी सुभेदारांचा फोन आला. ते नेहमीपेक्षा सावकाश बोलत होते. "साहेब, आठवी पासच निघाला आपला." एवढं म्हणून थांबले. मी फोन ठेवला. मग पाचव्या मिनिटाला मी नाहूरला निघालो, कारण ही बातमी फोनवर द्यायची नव्हती.

मावशी रडल्या. खूप रडल्या, मोकळ्या आवाजात. नंतर तोंड धुऊन आल्या आणि सरळ व्यवहाराला लागल्या. सैन्याला नाहूरच्या घराचा पत्ता द्यायचा होता. खाली मोठं आवार होतं, गाड्या लावायला जागा होती, सोसायटीवाले तयार होते. मावशी म्हणाल्या, नाही, त्याला चाळीतच आणायचं.

"हय त्याका कोण वळाखता? चाळीत हाडा. जय त्याका पळपुटो म्हणाले, थयच हाडा."

चाळीच्या आवारात सैन्याची गाडी वळवणं म्हणजे काय ते बंदोबस्त करणाऱ्यालाच कळतं. तीन स्कूटर, एक बंद पडलेली रिक्षा, दोन वाळवणं आणि एक कोंबड्यांचं खुराडं आम्ही सकाळपासून हलवत होतो. खुराड्याचा मालक लेखी मागत होता. हवालदाराने खिशातून जुन्या तक्त्याची घडी काढली आणि मागच्या बाजूला त्याला लिहून दिलं.

गाडी आली तेव्हा मात्र सगळं आवार उभं राहिलं. तिन्ही मजल्यांच्या कठड्यांवर माणसं होती, म्हातारी पुढे, पोरं मागे. जवानांनी पेटी खाली ठेवली. सलामी झाली, बिगूल वाजलं. सुभेदार स्वतः आले होते. त्यांनी एका कापडात बांधलेल्या वस्तू मावशींच्या हाती दिल्या. बक्कल, रीळ, बटणं आणि डबा. मावशींनी पोचपावतीवर सही केली. अक्षर गिरवल्यासारखं मोठं होतं.

मग मागच्या बाजूने गर्दी जरा हलली. तात्या येत होते. पांढरा शर्ट, पायात पॉलिश केलेले बूट, जसे ते तीस वर्षं फाटकावर हजेरीला जात असतील. पेटीसमोर येऊन ते उभे राहिले. नमस्कार केला. मावशी दोन हातांवर होत्या. त्यांनी तात्यांकडे पाहिलं.

तात्यांनी घसा साफ केला. मला वाटलं, शुद्ध मराठीत दोन शब्द बोलतील. ओठ हलले, पण आवाज नीट फुटला नाही.

"मी त्याका कुर्ल्याक बघूक नाय."

मॅट्रिक झाल्यापासूनचं सगळं पुस्तकी बोलणं त्यांच्या तोंडून गळून गेलं होतं. पुढच्या दोन-तीन रांगांनी ते ऐकलं. कुणीतरी 'काय म्हणाले?' असं विचारलं.

मावशींनी डबा काखेत नीट धरला.

"मोठ्यान बोल," त्या म्हणाल्या. "वरच्या माळ्यावर ऐकाक येवक नाय."

तात्यांनी मान वर केली. तिसऱ्या मजल्याच्या कठड्याकडे बघत, फुटेल तेवढ्या आवाजात ते पुन्हा म्हणाले, "मी त्याका बघूक नाय! तो हय इलोच नाय! तो थयच मेलो!" मग रडत रडत तेच अजून एकदा म्हणाले. वर एक खूप म्हातारी बाई होती, तिने हात जोडले. खाली मावशींनी तात्यांच्या दंडाला धरलं आणि पेटीच्या एका बाजूला, घरच्या माणसांच्या रांगेत उभं केलं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. जबाब घेणं हे आपलं काम, असं मी तेहतीस वर्षं समजत होतो. काही जबाब आपल्यासाठी नसतात, हे मला निवृत्तीच्या तोंडावर कळलं. ज्यांच्या देखत माणसाचं नाव गेलं, त्यांच्या देखतच ते परत यावं लागतं. त्यात पोलिसाने फार तर खुराडं हलवावं आणि बाजूला उभं राहावं.

माझ्या अहवालात कुर्ल्याचा उल्लेख कुठेही नाही. मोठ्या साहेबांनी विचारलं, "तात्यांचा जबाब राहिला का?" मी म्हणालो, "झाला, साहेब. तीन मजले साक्षीदार आहेत."